प्रोजेक्टच्या आधी मुलांना व्हिडिओ पाठवायचा तर त्यात काय असावं आणि काय नसावं

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सातवीचा वर्ग आहे, पाऊस आणि पंचगंगेचा पूर असा प्रोजेक्ट घ्यायचाय, आठवड्याला दोन तासिका मिळतात त्या पण ३५ मिनिटांच्या, त्यातला निम्मा वेळ सूचना सांगण्यातच जातो, म्हणून सूचनांचे व्हिडिओ करून आधीच पाठवले तर चालेल का, किती मिनिटांचे करायचे, आणि ज्यांच्याकडं मोबाईल नसतो त्यांचं काय.

चालेल की. मी कोल्हापूर आणि आसपासच्या शाळांत बरीच वर्षं विज्ञान-भूगोल शिकवतोय, आता शिक्षकांच्या ट्रेनिंगला पण जातो, आणि माझं मत विचाराल तर सहावी ते आठवीला व्हिडिओचा खरा उपयोग प्रोजेक्टच्या आधीच होतो, धडा शिकवायला त्यामानाने कमी. पण एक अट आहे. व्हिडिओत तयार प्रोजेक्ट दाखवायचा नाही. कधीच नाही. तुम्ही छान रंगवलेलं, लेबल लावलेलं पर्जन्यमापक हातात धरून "असं करून आणा" म्हणालात की वर्गात चाळीस मुलं असतील तर चाळीस तसलीच येणार, त्यातली निम्मी आईनं केलेली आणि दोन-चार स्टेशनरीच्या दुकानातून थेट आणलेली. प्रोजेक्ट आईचा, मार्क पोराचे. त्यापेक्षा व्हिडिओत काम करताना हात दाखवा, अडचण कुठं येते ते दाखवा, आणि उत्तराच्या एक पाऊल अलीकडं व्हिडिओ बंद करा. बाकी सगळं मी जे सांगणार आहे ते ह्याच्यातनंच निघतं.

मुळात ही आयडिया काय नवीन नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमधले जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे केमिस्ट्रीचे दोन शिक्षक २००७ च्या सुमाराला गैरहजर राहणाऱ्या पोरांसाठी आपले तास रेकॉर्ड करायला लागले, मग हजर असलेली पोरं पण ते बघायला लागली, मग त्यांच्या लक्षात आलं की सांगायचं काम घरी झालं तर वर्गातला वेळ करायला मिळतो. पण ती हायस्कूलची मोठी मुलं. आपली बारा-तेरा वर्षांची पोरं घरी एकटी बसून पंधरा मिनिटं सरांचं भाषण ऐकतील ह्या भ्रमात राहू नका. आणि धड्यातली नुसती माहितीच द्यायची असेल तर बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, दीक्षा हे सरकारी शिक्षणाचं ॲप २०१७ पासून चालू आहे, तिथलं वापरा, तुमची शक्ती त्याच्यावर घालवू नका. जे दुसरं कोणी करून देणार नाही, म्हणजे तुमच्या शाळेचं, तुमच्या नदीचं, तुमच्या वर्गाला उद्या काय करायचंय त्याचं, तेवढंच रेकॉर्ड करा.

आता एक व्हिडिओ नीट उलगडून सांगतो. पर्जन्यमापक घेऊ, कारण तुमच्या प्रोजेक्टची सुरुवात तिथंच होणार. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, वरचा भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, हे सगळ्यांना माहितीय, युट्युबवर ढीगभर आहे. ह्यात पोरं अडकतात ती दोन-तीन ठिकाणीच. पहिलं म्हणजे बाटलीचा तळ सपाट नसतो, उंच-सखल असतो, त्यामुळं पट्टी तळापासून चिकटवली की पहिले काही मिलिमीटर खोटेच येतात. म्हणून आधी तळाला खडे टाकून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचं आणि शून्य तिथं धरायचा. मी हे व्हिडिओत सांगत नाही. मी काय करतो, दोन बाटल्या शेजारी ठेवतो, एकीत पट्टी तळापासून, दुसरीत खडे आणि पाण्याच्या वरून, दोन्हीत एकाच कपाने मोजून सारखं पाणी ओततो, कॅमेरा जवळ नेतो, दोन्ही आकडे वेगळे दिसतात, आणि विचारतो, "पाणी सारखंच ओतलं, मग आकडा वेगळा का आला? वहीत लिहून आणा." व्हिडिओ संपला. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं भांडत असतात, आणि मला तेच पाहिजे असतं.

दुसरं नरसाळ्याचं. घरातलं मोठं नरसाळं बारक्या बाटलीवर ठेवलं की काहीजणांना वाटतं जास्त पाऊस गोळा होईल म्हणजे चांगलंच की. तोंड १४ सेंटिमीटरचं आणि बाटली ७ ची असेल तर आकडा चौपट येतो, कारण क्षेत्रफळ चौपट होतं. हे सातवीच्या पोराला तोंडी सांगून कळत नाही, पण कागदावर दोन वर्तुळं काढून एकात दुसरी बसवून दाखवली की निम्म्यांना आपोआप कळतं, उरलेल्यांना वर्गात करून बघितल्यावर. तिसरं डोळ्याची पातळी. हे मात्र व्हिडिओतच जमतं, वर्गात नाही, कारण वर्गात बाटलीच्या समोर एकच पोरगं उभं राहू शकतं. मोबाईल बाटलीच्या वर धरून आकडा दाखवायचा, मग हळूहळू खाली आणत पाण्याच्या बरोबर समोर आणायचा, आकडा डोळ्यांदेखत बदलतो. काही बोलायची गरज नाही, मी तर त्यावेळी तोंड बंदच ठेवतो.

आणि एक लहानशी गोष्ट त्याच व्हिडिओत टाका, की हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मोजतं, आदल्या साडेआठपासून चोवीस तासांचा पाऊस धरून. पोरांनी पण साडेआठलाच मोजलं की पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. नाहीतर एकजण सकाळी, एकजण शाळा सुटल्यावर मोजतोय आणि मग तक्ता काय कामाचा राहत नाही. आपल्या जिल्ह्यात तर हे करण्यात फार मजा आहे, गगनबावड्याकडं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि शिरोळकडं पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात. दोन्हीकडच्या शाळा ओळखीच्या असतील तर एकमेकांना आकडे पाठवा, पोरांना खरं वाटत नाही.

घरी बघून काय आणायचं, हा प्रश्न लई महत्त्वाचा आहे आणि बहुतेक शिक्षक इथंच घसरतात. "व्हिडिओत सांगितलेले साहित्य लिहा" असला प्रश्न दिला की एकजण बघतो, उत्तर ग्रुपवर टाकतो, बाकीचे उतरवून घेतात. म्हणून प्रश्न असा द्या की ज्याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असेल. "तुमच्या घरी बाटली कुठं ठेवणार? जागेचं चित्र काढा आणि तिथंच का ते एका ओळीत लिहा." पत्र्याखाली ठेवली तर पाऊस येणार नाही, पत्र्याच्या कडेला ठेवली तर पागोळ्या पडून दुप्पट येईल, अंगणात ठेवली तर कुत्रं पाडेल, स्लॅबवर ठेवली तर वाऱ्याने उडेल. हे उतरवून घेता येत नाही. चित्र कसंही काढलेलं असू दे, त्यावरनं मला दोन मिनिटांत कळतं की व्हिडिओ कोणी बघितलाय.

लांबी म्हणाल तर चार-पाच मिनिटं, सहाच्या वर नको. २०१४ मध्ये एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सच्या साईटवरच्या कोर्सेसमधल्या ६९ लाख व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास झाला होता, त्यात व्हिडिओ कितीही मोठा असला तरी माणसं साधारण सहा मिनिटांच्या पुढं टिकत नाहीत असं दिसलं. ती स्वतःहून कोर्सला आलेली मोठी माणसं, मग आपल्या पोरांचं काय सांगायचं. एका व्हिडिओत एकच काम घ्या. बाटली कापणं वेगळा, आकडा वाचणं वेगळा. अडीच मिनिटांत होत असेल तर अडीच मिनिटांत संपवा, उगीच "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या या व्हिडिओमध्ये आपण" करत बसू नका, पहिल्या दहा सेकंदांत हातात बाटली दिसली पाहिजे. मागं म्युझिक लावू नका. रिचर्ड मेयर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ह्या विषयावर आयुष्यभर प्रयोग केलेत, त्यांचं म्हणणं हेच की विषयाशी संबंध नसलेलं संगीत, चित्रं, गंमतजंमत घातली की शिकणं कमी होतं, आणि पुस्तकी भाषेपेक्षा समोरासमोर बोलल्यासारखं बोललं की जास्त होतं. म्हणजे तुम्ही वर्गात जसं बोलता तसंच बोला. "सदर बाटलीचा वरील भाग कापून घ्यावा" असलं नको, "ही बाटली इथं कापा, पण हाताला जपून, आणि कात्रीने कापताना घरात कोणीतरी मोठं माणूस पाहिजे" एवढं बास.

पुराच्या भागाकडं येतो, कारण तिथं मुलाखती आहेत आणि मुलाखत हा प्रकार सांगून कुणालाच येत नाही, मोठ्यांना पण येत नाही. ह्याच्यासाठी मी आठवीतल्या एका पोराला आणि एका आजींना घेऊन दोन टेक करतो. पहिल्या टेकमध्ये पोरगं वहीतच बघतंय. "आजी, पूर आला होता का?" "हो." "किती पाणी होतं?" "लई होतं." "तुमचं काय नुकसान झालं?" "झालं की बाळा." "धन्यवाद." खल्लास. इथं स्क्रीनवर थांबायची खूण, आणि प्रश्न, ही मुलाखत ऐकून तुम्हाला नवीन काय कळलं? मग दुसरा टेक. पोरगं विचारतं, "आजी, पाणी यायला लागलंय हे तुम्हाला पहिल्यांदा कसं कळलं?" आजी म्हणतात, "पहाटंच म्हस हंबराय लागली रं, उठून बघतो तर गोठ्यात पाणी." आता वहीत पुढचा प्रश्न लिहिलाय नुकसानीचा, पोरगं वहीकडं बघतं, थांबतं, वही मिटतं आणि विचारतं, "मग म्हशीला कुठं नेलं?" आणि आजी सुटतात, दहा मिनिटं बोलतात, त्यातलं अर्धं मिनिटच ठेवायचं. कुठला टेक चांगला, का चांगला, हे मी बोलत नाही. पोरांना विचारतो की वहीत नसलेला प्रश्न कुठला होता. एवढ्यावर त्यांच्या मुलाखती बदलतात, मी जे बघितलंय ते सांगतोय.

एक सांभाळा. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं अशी कुटुंबं सुतारवाड्यात, चिखली-आंबेवाडीत, शिरोळकडं भरपूर आहेत आणि त्यातली पोरं तुमच्या वर्गात असणार. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या पुराच्या क्लिपा, वाहून चाललेली जनावरं, ते तसलं तुमच्या व्हिडिओत चिकटवू नका. गरजच नाही. भिंतीवरची पाण्याची रेघ आणि शेजारी टेप धरलेला हात एवढं दाखवलं तरी काम होतं. आणि कुणाला आपल्या घराबद्दल बोलायचं नसेल तर त्याला आलेखाचं काम द्या, कारण न विचारता.

आलेखाचा व्हिडिओ तसा सोपा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पावसाळ्यात रोज पेपरात येते, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पण पाठ असतं. आलेख कागदावर ३९ आणि ४३ च्या दोन आडव्या रेघा मारा, चार दिवसांचे ठिपके द्या, जोडा, आणि पाचव्या दिवसाचा ठिपका न देता व्हिडिओ थांबवा, "उद्या कुठं असेल? पेन्सिलने द्या." कोणी वर देतं, कोणी खाली, मग वर्गात कारण विचारायचं, त्यात पावसाचे आकडे येतात, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे येतात, दरवाजा उघडल्यावर पाणी इथं यायला किती वेळ लागतो तो प्रश्न पोरं स्वतःच काढतात. उभा अक्ष शून्यापासून घ्यायचा का वीसपासून, ह्यावर मात्र व्हिडिओत काही बोलू नका, ती चुकू देत, दोन वेगळे आलेख शेजारी लावल्यावर आपोआप बोलणं होतं.

मोबाईलचं. "सर आमच्यात मोबाईल पप्पांकडं असतोय, पप्पा रात्री येत्यात" हे दर वर्गात असणार, आणि ते खरं असतं, बहाणा नसतो. म्हणून व्हिडिओ आदल्या रात्री कधीच टाकायचा नाही, किमान तीन दिवस आधी, मध्ये एक रविवार आला तर उत्तम. पेनड्राईव्हवर घालून शाळेतल्या टीव्हीला लावा, मधल्या सुट्टीत दोनदा चालवा, ज्यांना घरी जमत नाही ती तिथं बघतात, आणि ज्यांनी घरी बघितलाय ती पण येऊन बसतात. इथं एक टेक्निकल अडचण येते ती आधीच सांगून ठेवतो, काही नवीन मोबाईलमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगला हाय एफिशिअन्सी चालू असतं, त्यामुळं फाईल एचईव्हीसी ह्या नव्या फॉरमॅटमध्ये होते आणि शाळेतल्या जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, चित्र काळं. ते सेटिंग बंद करून साध्या, जुन्या एच २६४ फॉरमॅटला घ्या. घरी पाठवायला ४८० पी बास आहे, पाच मिनिटांचा व्हिडिओ पंचवीस-तीस एमबीच्या आसपास बसतो, लोकांचा डेटा पण वाचतो. पट्टीवरचे आकडे मात्र जाड मार्करने लिहा, सहा इंची स्क्रीनवर बारीक रेघा कुणाला दिसत नाहीत.

आवाजाकडं लक्ष द्या, चित्र थोडं खराब असलं तरी चालतं पण आवाज खराब असला की पोरं बंद करतात. साध्या वायरवाल्या इअरफोनचा माईक कॉलरला लावा, पंखा बंद, आणि कुकर लावायच्या आधी उरकून घ्या. मोबाईल वरून खाली बघणारा ठेवायचा असेल तर टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत, त्यावर लांब पट्टी, पट्टीवर मोबाईल आणि मागच्या टोकाला वजन, झालं. पोरांचे चेहरे शक्यतो घेऊच नका, हात आणि आवाज पुरतो, आणि आठवीतल्या त्या पोरासारखं कोणाला घेतलंच तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि युट्युबवर पब्लिक टाकू नका, अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांचं काय, तर वर्गात परत सांगू नका. हे कठोर वाटतं, पण एकदा तुम्ही "बरं, ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात" सुरू केलंत की पुढच्या वेळी कोणीच बघत नाही, का बघावं? त्यांना टीव्हीसमोर किंवा कोपऱ्यात टॅबवर बसवा, पाच मिनिटांत बघून येतील, तोवर बाकीच्यांचं काम चालू. शिक्षा म्हणून नाही, ओरडायचं पण नाही. ज्याला घरची कामं असतात, भाऊ-बहीण सांभाळायचे असतात, तो तिथं बसून बघतो आणि कामाला लागतो, त्याला लाज वाटेल असं काही करू नका.

पालकांसाठी एक वेगळा मिनिटभराचा व्हिडिओ करा, हा सल्ला मी सगळ्यांना देतो आणि फारसं कोणी करत नाही. त्यात एवढंच, की बाटली कापायला मदत करा, आकडा तुम्ही वाचू नका, चित्र तुम्ही काढू नका, आणि वाकडं झालं तर वाकडंच पाठवा, आकारिक मूल्यमापनात मार्क सुबकपणाला नाहीत. हे शिक्षकांनी तोंडी सांगितलेलं आयांना पटत नाही, पण व्हिडिओत तुम्ही स्वतः एक वाकडी, गळकी बाटली हातात धरून "ह्याला पूर्ण मार्क दिलेत" म्हणालात की पटतं.

ॲपच्या मागं लागू नका. व्हिडिओच्या मध्ये प्रश्न घालता येणारी एडपझलसारखी ॲपं आहेत, चांगली आहेत, पण प्रत्येक पोराचं लॉगिन, पासवर्ड, नेट ह्यात तुमचा जुलै निघून जाईल. काळ्या स्क्रीनवर "इथं थांबवा आणि लिहा" एवढं दहा सेकंद दाखवलं की तेच काम होतं.

सगळे व्हिडिओ एकदम करायला बसू नका. बाटलीचे दोन मेच्या सुट्टीतच करून ठेवा, वळीव आला की त्यात स्वतः मोजून बघा, म्हणजे कुठं गळतंय ते शाळा सुरू व्हायच्या आधी कळेल. आलेखाचा जुलैत, पातळीचे आकडे पेपरात रोज यायला लागले की, म्हणजे खरेच आकडे घेता येतात. मुलाखतीचा गणपतीनंतर, तोवर पाणी ओसरलेलं असतं आणि लोकं निवांत बोलतात. आजी मात्र आत्ताच शोधून ठेवा, कॅमेऱ्यासमोर न लाजणारी आजी मिळायला वेळ लागतो.